खणीचं पाणी कुणाचं?

अनंत चतुर्दशीला कोल्हापुरात महाद्वार रोडवर जी मिरवणूक सुरू होते, ती दुसरा दिवस उजाडला तरी संपायचं नाव घेत नाही. तालीम मंडळांचे गणपती पापाची तिकटी, गंगावेश करत पुढं सरकत राहतात. पूर्वी ही वाट पंचगंगेच्या घाटावर जाऊन संपायची. गेल्या काही वर्षांत मोठ्या मूर्ती गंगावेशीतून रंकाळ्याच्या अंगाला वळतात आणि इराणी खणीवर येतात. तिथं क्रेन उभी असते, तराफे असतात, महापालिकेची आणि पोलिसांची माणसं असतात. शेवटची आरती होते, ‘मोरया’चा गजर होतो आणि दहा दिवस ज्याच्यापुढं नारळ फुटले, तो देव दगडाच्या एका जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात उतरतो.

या बदलावर घाटावर, पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर भरपूर बोलून झालंय. एक बाजू म्हणते, नदीचे आधीच हाल आहेत. तिच्यात आणखी प्लास्टर आणि रंग ओतणं हा कसला धर्म? दुसरी म्हणते, विसर्जन वाहत्या पाण्यातच व्हायला हवं, देव काय डबक्यात सोडायचा? काही हिंदुत्ववादी संघटनांनी वाहत्या पाण्याचा आग्रह जाहीरपणे धरला. उलट बाजूनं मूर्तिदानाचा विचार डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं आणि इतर पुरोगामी संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरला. पर्यावरण विरुद्ध श्रद्धा असा हा वाद रंगवला जातो. त्याच्या बुडाशी मात्र एक जुना, अस्सल धार्मिक प्रश्न आहे. पाणी पवित्र होतं ते कशानं? ते कुठून आलं यावरून, की आपण त्याच्याशी कसं वागतो यावरून? माणसानं आपल्या गरजेसाठी जमीन फोडली, दगड नेला, मागं खड्डा उरला आणि त्यात पाणी साचलं, तर त्याला तीर्थ म्हणायचं की नाही?

उत्तर शोधायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. इराणी खणीला लागूनच रंकाळा आहे.

रंकाळ्याची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी. मुळात इथं दगडाची खाण होती. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण इथून निघाला, असं कुणी सांगतं. शिलाहार राजा गंडरादित्यानं ३६० जैन बस्त्या बांधल्या त्यांचा दगड इथला, असं दुसरं कुणी. मग आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला, खाण खचून रुंदावली, जमिनीतलं पाणी उसळून वर आलं आणि तळं झालं. आता गंडरादित्य बाराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात राज्य करत होता. खाण भूकंपात बुडाल्यावर तीन शतकांनी त्यानं त्यातून दगड कसा काढला, हे विचारायची सोय नाही. दंतकथेला तारखा चिकटल्या की असंच होतं. पण तपशील जुळले नाहीत तरी सगळ्या गोष्टींत दोन पायऱ्या कायम आहेत: आधी माणसानं खणलं, मग भूकंपानं ते पुरं केलं. यातली दुसरी पायरी इतकी हवीशी का वाटली असावी?

याचं उत्तर धर्मशास्त्रात सापडतं. मनुस्मृतीत रोजच्या स्नानाला योग्य पाण्यांची यादी आहे. तिच्यात नद्या आहेत, तळी-सरोवरं आहेत, झरे आहेत आणि ‘देवखात’ म्हणजे देवांनी खणलेली, आपसूक तयार झालेली जलाशयंही आहेत. दुसऱ्याच्या मालकीच्या तळ्यात मात्र सरळ उतरता येत नाही. याज्ञवल्क्य सांगतो की परक्याच्या पाण्यात नाहायचं असेल तर आधी तळातून मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत. म्हणजे माणसानं खणलेल्या पाण्यावर कुणाचा तरी हक्क चिकटलेला असतो आणि त्यात नाहणाऱ्याला त्या हक्काची काहीतरी भरपाई करावी लागते. ही भरपाई पैशाची नाही, गाळाची आहे, ही त्यातली खुमारी. दर आंघोळीला पाच गोळे माती बाहेर गेली तर तळं किती दिवस उथळ राहील?

देवखाताला ही भानगड नाही, कारण तिथं मालकच नाही. भूकंपाच्या गोष्टीनं रंकाळ्यासाठी नेमकं हेच काम केलं. खाण कुणाची तरी होती. कुणीतरी ती काढली, कुणीतरी दगड विकत घेतला किंवा राजाज्ञेनं नेला. भूकंप झाला आणि मालकी पुसली गेली. पाठोपाठ रंकभैरव आला. त्याचं देऊळ तळ्याच्या पोटात असल्याचं लोक सांगतात. काठावर संध्यामठ आला. जवळच्या नंदीचीही कथा तयार झाली: हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. गहू आणि तांदूळ यांच्या लांबीत फरक तो केवढा! प्रलयाची तारीख बरीच पुढं ढकलण्याची ही कोल्हापुरी युक्ती म्हणायला हरकत नाही. एरवी खाणीकडं कुणी युगांच्या हिशेबानं पाहत नाही. ज्या खड्ड्यातून गाडीभर दगड उचलायचा त्याच्याच काठावर लोकांनी विश्वाचं घड्याळ बसवलं.

या रूपांतरात एक गोष्ट मात्र हरवली. महाराष्ट्रात दगड फोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजानं केलं. पहार, सुतकी, छिन्नी आणि पुढं सुरुंग यांच्या बळावर देवळं, घाट, वाडे, रस्ते उभे राहिले. देऊळ बांधणाऱ्या राजाचं नाव शिलालेखात राहतं. दगड फोडणाऱ्याचं राहत नाही. रंकाळ्याच्या कथेत भूकंपाला श्रेय मिळालं, भैरवाला मिळालं, राजाला मिळालं. ज्यांनी आधी खणलं त्यांच्याबद्दल ती एक शब्द बोलत नाही.

खणण्याच्या पापपुण्याचा सगळ्यांत बारकाईनं विचार केला तो जैनांनी, आणि कोल्हापूर हे जैनांचंही जुनं पीठ आहे. जैन विचारात माती आणि पाणी ही केवळ जीवांची घरं नाहीत. पृथ्वीकाय आणि अप्काय असे जीवच त्या रूपात राहतात. म्हणून श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी केली गेली. हेमचंद्राच्या ‘योगशास्त्रा’त ती विस्तारानं येते. त्यात जमीन फोडण्याचा, दगड काढण्याचा धंदा आहे. आणि त्याच यादीत पुढं सरोवरं, डोह, तळी आटवण्याचाही धंदा आहे. दोन्ही पापं एकाच यादीत! खाण काढणं हे पाप. पण खाणीत पाणी साचून जीव वस्तीला आले की ते पाणी उपसून पुन्हा दगड काढणं हेही पापच. पहिल्या चुकीची दुरुस्ती म्हणून दुसरी करायची मुभा नाही.

तरीही बस्त्या दगडाच्याच झाल्या. देऊळ हवं तर कुणीतरी खाणीत उतरलंच पाहिजे, हा पेच कुठल्याच धर्माला चुकलेला नाही. भूमिपूजनात जमिनीची क्षमा मागायची आणि मग कुदळ घालायची, ही त्यातून काढलेली वाट. गंडरादित्यापुरतं बोलायचं तर त्याच्या शके १०३२ म्हणजे इ.स. १११० च्या ताम्रपटात मिरज प्रांतातल्या इरुकुडी इथं त्यानं ‘गंडसमुद्र’ नावाचं तळं बांधल्याचा उल्लेख आहे. त्या तळ्याच्या काठी त्यानं शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना केली. देव तीन, पाणी एक. खणण्याचं पाप कुठल्या देवाच्या खाती मांडायचं, हा हिशेब राजानं बहुधा असा सोडवला असावा.

आता याच कोल्हापुरातलं उलटं चित्र. तीर्थ म्हणून ज्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली, त्या पाण्यांचं काय झालं? कपिलतीर्थ म्हटलं की आज भाजी मार्केट आठवतं. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी तुंबतं आणि वरुण आपली जुनी जागा दाखवून जातो. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागेवर स्टेडियम आलं. कोटितीर्थ टिकलं, पण कसं टिकलंय ते त्याच्या काठानं जाणाऱ्याच्या नाकाला विचारावं. दक्षिण काशीतली तीर्थं बुजली आणि तळं म्हणून टिकली ती खाण. नावात ‘तीर्थ’ असल्यानं पाणी वाचत असतं तर हे झालं नसतं.

पंचगंगेचंही तेच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात; पाचवी सरस्वती गुप्त आहे, ती श्रद्धेनं धरायची. न दिसणारी नदी मोजणाऱ्या शहराला दिसणाऱ्या चारींत मिसळणारं सांडपाणी बराच काळ मोजावंसं वाटलं नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न शेवटी उच्च न्यायालयात गेला आणि मग कुठं यंत्रणा हलल्या. इथं तुकोबांची आठवण येते. तीर्थाला जाऊन दगडपाण्याखेरीज वेगळं काही हाती लागत नाही, देव हवा तर तो भल्या माणसांत शोधा, अशा अर्थाचं त्यांनी बजावलं होतं. पण वारकरी संतांच्या या फटकाऱ्याचा सोयीचा अर्थ काढणारेही निघाले: सगळं पाणी सारखंच, मग एखाद्याची विशेष काळजी कशाला? सगळीकडं देव आहे म्हणणं आणि कुठंच नाही अशा थाटात वागणं, यांत व्यवहारात फारसं अंतर उरत नाही.

म्हणजे पाण्याचं मूळ त्याला वाचवत नाही, नावही वाचवत नाही. मग काय वाचवतं?

भारतीय परंपरेत याचं एक फार विचार करून दिलेलं उत्तर आहे आणि ते आज जवळपास विस्मरणात गेलंय. यज्ञयाग हे ‘इष्ट’. विहीर, तळं, बाग, देऊळ, अन्नछत्र हे ‘पूर्त’. इष्टाचा अधिकार मोजक्यांना. पूर्ताचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांनाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त तळ्याच्या उत्सर्गाचा विधी सविस्तर मांडला आहे. तळं खणून झालं, पाणी भरलं, एवढ्यानं ते पुरं होत नाही. त्याचा उत्सर्ग करावा लागतो. यजमान संकल्प करून ते पाणी सगळ्या भूतमात्रांना सोडतो. त्या क्षणापासून ते त्याचं राहत नाही. मग त्याला स्वतःला त्यात नाहता येतं का? येतं, भूतमात्रांत तोही एक आहे म्हणून. पण मालक म्हणून नाही.

हा विधी जवळून पाहण्यासारखा आहे. मत्स्यपुराणात त्यासाठी धातूचे जलचर घडवायला सांगितलेत: कासव आणि मगर सोन्याची, मासा आणि पाणसाप चांदीचे, खेकडा आणि बेडूक तांब्याचे, शिशुमार लोखंडाचा. तळ्याच्या प्रतिष्ठेत हे पाण्यात सोडायचे. ज्यानं पैसा ओतून तळं बांधलं, त्याच्या घरच्यांनी पहिला घडा भरण्याआधी बेडूक आणि खेकडा रहिवासी म्हणून नोंदवले जातात. नुसता राजस मगर-कासवाचा मान नाही, साध्या बेडकाचाही आहे; धातू तेवढा हलका. आज एखाद्या पाणथळीचं संवर्धन करायचं ठरलं की पहिली पायरी असते तिथल्या जीवांची यादी करणं. पुराणानं ती यादी सोनार-तांबटाकडून करवून घेतली होती.

उत्सर्गाच्या नजरेतून पाहिलं की खाण आणि तीर्थ यांच्यातली खरी सीमा दिसते. दगड संपला की ठेकेदार निघून जातो. तो खड्डा टाकून जातो, सोडून देत नाही. कागदावर तो कुणाचा तरी असतो, काळजी कुणाचीच नसते. अशा खाणीत मग पोरं बुडतात, राडारोडा पडतो, टँकरवाले पाणी उपसतात, शेवटी तिचा प्लॉट होतो. याच खड्ड्याच्या बाबतीत कुणी जाहीर केलं की आता यावर आमचा दावा नाही, हे पाणी इथं येणाऱ्या जिवांचं, तर तिथून वेगळी गोष्ट सुरू होते. भूकंपाची वाट बघायची गरज उरत नाही; देवखात माणूसही करू शकतो. त्यासाठी खणणाऱ्यानं हक्क सोडावा लागतो.

जगात याची धडधडीत उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या सपाटीवर १९२९ पासून वाळू आणि खडी काढली जात होती. खड्ड्यांत पाणी भरत गेलं, पक्षी येत गेले आणि १९६६ मध्ये ॲटनबरो नेचर रिझर्व्ह म्हणून ती जागा राखीव झाली. उद्घाटनाला आले होते डेव्हिड ॲटनबरो. गावाचं नाव आणि पाहुण्याचं आडनाव एकच. अशा खड्ड्यांनी ब्रिटनला एक नवा पक्षीही मिळवून दिला. आपल्याकडं नदीपात्रातल्या वाळू-गोट्यांत दिसणारा कंठेरी चिखल्या, गळ्याला काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला चिमुकला पक्षी, ब्रिटनमध्ये घरटं करत नव्हता. १९३८ मध्ये त्याचं पहिलं घरटं सापडलं आणि पुढं तो पसरला तो प्रामुख्यानं खडीच्या खाणींमधून. त्याला गवत नको असतं. उघडी खडी हवी असते. अंडी खड्यांसारखीच ठिपक्या-ठिपक्यांची, खड्यांत टाकली की दिसत नाहीत. झाडोरा वाढला की तो ती जागा सोडतो. आपण ज्याला धरणीची जखम म्हणून हळहळतो, ती ताजी जखमच कुणाचं तरी बाळंतघर असते. तेव्हा ‘निसर्ग पूर्ववत करू’ असं म्हणणाऱ्यानं कुठला पूर्व आणि कुणासाठी, हे सांगायला हवं.

महाराष्ट्राच्या बाबतीत २०२० साल बोलकं आहे. त्या वर्षी राज्याला रामसर यादीतली पहिली दोन पाणथळ ठिकाणं मिळाली. पहिलं नांदूर मधमेश्वर: निफाड तालुक्यात गोदावरीवर बंधारा घातला, गाळ साचला, उथळ पाणी पसरलं आणि पक्ष्यांनी ते आपलं मानलं. दुसरं लोणार: उल्केच्या आघातानं झालेलं विवर, काठावर कमळजादेवी आणि जुन्या देवळांची माळ, याहून अस्सल देवखात दाखवता येणार नाही. एक माणसाच्या हातचं, एक आकाशातून पडलेलं. दोघांना एकाच वर्षात एकाच यादीत जागा मिळाली, कारण १९७१ च्या रामसर करारानं पाणथळीची व्याख्या करतानाच नैसर्गिक की कृत्रिम हा भेद ओलांडला होता. भारताचे २०१७ चे पाणथळ नियमही कृत्रिम पाण्याला नाकारत नाहीत. ते वगळतात पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा. दगडासाठी काढलेल्या खाणीत पाणी साचावं अशी योजना कुणीच केलेली नसते, म्हणून ती या वगळलेल्या यादीत बसत नाही. सरकारनं मनावर घेतलं तर तिला संरक्षण देता येतं. ज्या पाण्यामागं कुणाचा हेतू नव्हता त्याला कायदा जवळ करू शकतो, हे धर्मशास्त्र्यांनाही पटलं असतं.

संरक्षण म्हणजे कुंपण असा अर्थ घेतला की मात्र उत्सर्गाचा विचार हातातून निसटतो. भरतपूरचं उदाहरण अभ्यासकांना पाठ आहे. तेही माणसानं घडवलेलं, संस्थानिकांच्या बदकशिकारीचं पाणी. १९८२ मध्ये तिथं गुरं चारायला बंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजलं आणि पक्ष्यांचंच उघडं पाणी आक्रसलं. म्हशी या व्यवस्थेच्या शत्रू नव्हत्या, घटक होत्या. कोल्हापुरात हे जास्त कळीचं आहे, कारण म्हैस हा इथला अर्धा संसार. रंकाळ्याच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारे गवळी यांना हटवलं की तळं वाचलं असं सांगणं सोपं असतं. त्याच तळ्यात नाल्यांतून येणारं शहराचं मैलामिश्रित पाणी अडवणं अवघड असतं, कारण ते सगळ्यांच्याच घरातून येतं. रंकाळा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत गेला, कामं झाली, तरी केंदाळाची हिरवी चादर आणि शेवाळाचा वास यांच्याशी त्याची झटापट अनेक वर्षं चालली. सगळ्या भूतमात्रांसाठी सोडलेल्या पाण्यात म्हैस बसते. मैला बसत नाही, कारण तो भूतमात्रांपैकी नाही.

हीच कसोटी विसर्जनाला लावली तर काय दिसतं? धर्माच्या बाजूनं खणीला आक्षेप घेण्यासारखं फार थोडं आहे. भाद्रपदातलं गणेशपूजन पार्थिव मूर्तीचं, म्हणजे मातीच्या. प्राणप्रतिष्ठेनं देवत्व येतं, उत्तरपूजेनं निरोप दिला जातो, मूर्ती जागेवरून हलवली जाते. पाण्यात जाते ती माती, आणि मातीला पाण्यानं विरघळवायचं एवढंच त्या पाण्याचं काम. घरच्या शाडूच्या मूर्तीसाठी परातीतलं पाणीही पुरतं. कोल्हापुरात विसर्जनासाठी काहिली ठेवल्या जातात. गुळाच्या रसाला चालते ती काहील गणपतीला चालली, यात कुणाला विटाळ वाटला नाही.

अडचण आहे ती मूर्ती मातीची नसते तेव्हा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. रंगातली रसायनं पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना नकार दिला, तो त्यामुळंच. मग नदी वाचवण्यासाठी खण पुढं केली जाते. हा निर्णय व्यवहाराला धरून आहे. नदीकाठच्या खालच्या गावांचं पिण्याचं पाणी त्यात गुंतलंय. पण त्यातून एक निवाडा नकळत होऊन जातो: हे पाणी वाचवायचं, ते पाणी वापरून टाकायचं. नदी पवित्र आहे म्हणून तिला काही व्हायला नको, आणि खण कुणाचीच नाही म्हणून तिच्यात चालतं. ‘देव डबक्यात सोडायचा का’ असं विचारणाऱ्याला डबक्याबद्दल तुच्छता आहे. ‘नदी नको, खण आहेच’ म्हणणाऱ्यालाही तीच. दोन्ही बाजूंचं खणीबद्दलचं मत एकच आहे, हे वादाच्या गदारोळात कुणाच्या लक्षात येत नाही.

खणीतला खंड्या, पाणकावळा, बेडूक यांना नदीचं माहात्म्य ठाऊक नसतं. त्यांच्या हिशेबी ते पाणी म्हणजे पाणी. विसर्जनानंतर सांगाडे आणि गाळ उपसून काढले जातात, हे चांगलंच. याज्ञवल्क्याच्या पाच गोळ्यांचा हिशेब शहर निदान यंत्रानं चुकता करतं. पण गाळ काढणं ही वापरणाऱ्याची भरपाई झाली. उत्सर्ग ही त्यापुढची पायरी आहे आणि ती अजून कुठल्याही खणीच्या वाट्याला आलेली नाही.

कोल्हापूरच्या आसपास, टेकड्यांच्या कुशीत, दगड आणि मुरूम काढलेल्या खाणी आहेत. त्यांतल्या एखादीचा उत्सर्ग करायचं ठरलं, तर यजमान म्हणून पाटावर कोण बसेल? महापालिका, ग्रामपंचायत, खाणपट्टा घेतलेला ठेकेदार, की आपल्या घराचा पाया त्या दगडावर घातलेला प्रत्येक जण? हा पेच सुटेपर्यंत विधीतलाच एक तपशील कामाला येईल. तळ्याच्या उत्सर्गात गाय पाण्यात उतरवतात, ती पाण्यातून पलीकडं जाते आणि यजमान तिचं शेपूट धरून मागून जातो. उभ्या कड्यांच्या खाणीत हे होऊच शकत नाही; गाय उतरली तर वर येणार नाही. त्यासाठी आधी काठ तासावे लागतील, पायऱ्यांऐवजी मंद उतार द्यावा लागेल, कडेला गुडघाभर पाणी राहील असं बघावं लागेल. खाणीची पाणथळ करताना पर्यावरण अभियंतेही पहिली मागणी हीच करतात, कारण त्याच उथळ उतारावर पाणकणीस रुजतं, बगळा उभा राहतो आणि चुकून आत पडलेलं पोर बाहेर येऊ शकतं. गाय सुखरूप पलीकडं निघाली की पुरोहितानं संकल्प सांगावा आणि तहसीलदारानं सात-बारावर फेरफार नोंदवावा. दोघांनी कुठल्या क्रमानं यायचं, ते गावानं ठरवावं.